किल्लीप्रमुखाची किल्ली

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.४०

गाडीची किल्ली सापडत नाहीये. हरवली असं मी लिहिणार नाही. हरवणं हा प्रकार माझ्या बाबतीत होत नाही. सत्तावीस वर्षं ऑफिसचा किल्ली कक्ष सांभाळतोय. पाच मजले, एकशे एकोणचाळीस किल्ल्या, एक इकडची तिकडे नाही. अशा माणसाच्या स्वतःच्या मोटरसायकलची किल्ली हरवेल कशी? सापडत नाहीये, एवढंच.

हकीकत अशी. साडेसहाला ऑफिसमागच्या गल्लीत गेलो. (वॉचमनशी पटत नाही म्हणून गाडी आवारात लावत नाही. इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर लावतो.) खिशात हात घातला. रुमाल, चष्म्याची डबी, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. किल्ली नाही. गाडीला हँडल लॉक. इस्त्रीवाला टक लावून बघत होता. मी टायरमधली हवा दाबून पाहिल्यासारखं केलं, मान डोलावली आणि शीळ घालत चालत घरी आलो. पाऊण तास. टाचेला फोड.

बायको म्हणाली, किचेन असती तर खिशात वाजली तरी असती. किचेन मी जानेवारीतच काढून टाकली. किल्लीच्या क्षेत्रातल्या माणसाच्या खिशात प्लॅस्टिकचं माकड लटकलेलं बरं दिसत नाही.

मग म्हणाली, ताईंना विचारा, त्या शोधून देतील. ताई म्हणजे कक्षातल्या माझ्या सहायक, गेली एकोणीस वर्षं. मी म्हटलं, वेड लागलंय का? किल्लीप्रमुखानं सहायकाला विचारायचं, माझी किल्ली कुठंय? दुपारपर्यंत पाचही मजल्यांवर हशा.

दिवस मात्र उत्तम गेला होता. ताई सकाळी अर्धा तास उशिरा आल्या, त्यामुळे बोर्ड मी एकट्यानं चालवला. सकाळची सफाई आटोपून किल्ल्या परत करणाऱ्यांची काउंटरवर ही झुंबड! एरवी माझं काम देखरेखीचं. टेबल बोर्डाकडे पाठ करून. पण हाताची सवय जात नाही. न बघता घ्यायची, न बघता हुकवर अडकवायची. मजा आली.

निश्चय: उद्या अकराच्या आत किल्ली सापडलीच पाहिजे. आणि ऑफिसात कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.१५

अकराच्या आत शोधता आली नाही, कारण अकरापर्यंत साहेब कक्षात ठाण मांडून होते. दुपारी ड्रॉवर उपसले. टेबलाखाली शिरलो होतो तेवढ्यात ताई आल्या. दादा, काय शोधताय, म्हणाल्या. मी म्हटलं, पाठीचा व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलाय.

मग विचारलं, आज चालत आलात का? मी चालण्याचे फायदे सांगितले. रक्तदाब, गुडघे, पचन. गाडी आता महिनाभर घरीच, म्हटलं. पटलं त्यांना.

निघताना ताई काहीतरी सांगायला लागल्या. दादा, एकसष्ट नंबरच्या हुकवर... मी हात वर केला. तोंडी नको, ताई. रजिस्टरमध्ये नोंद करा. हा माझ्या कक्षाचा पहिला नियम. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. माझ्या शेऱ्याशिवाय बोर्डावरची टाचणीसुद्धा हलत नाही. त्यांनी नोंद केली, मी सही केली. माझी सही एका झटक्यात होते, पेन उचलावं लागत नाही. नवीन लोकांना ते जमत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

डुप्लिकेट किल्लीचा दिवस. आधीच का सुचलं नाही, असं बायको म्हणाली. सुचलं होतं. योग्य वेळेची वाट बघत होतो.

डुप्लिकेट मेहुण्याकडे असणार अशी खात्री होती. त्याला फोन केला. तो म्हणाला, भाऊजी, दोन वर्षांपूर्वीच परत दिली. ताईला दिली. (त्याची ताई म्हणजे माझी बायको. ऑफिसच्या ताई नव्हेत.) बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी तुमच्या हातात दिली. तुम्ही म्हणालात, घरात नको, चोर आधी घरातच शोधतो. गाडीची वस्तू गाडीपाशीच हवी. मग तुम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलीत आणि गाडीच्या सीटखाली ठेवलीत.

सीट किल्लीनं उघडतं.

तरी निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. किल्ली अत्यंत सुरक्षित आहे. मलासुद्धा मिळत नाही, तर चोराला काय मिळणार? किल्लीचा नंबर कोरलेला कंपनीचा बिल्ला असता तर शोरूमवाले नवी करून देतात म्हणे. बिल्लाही त्याच पिशवीत आहे. कारण दोन्ही एकत्र असावेत.

बायको तोंडावर पदर धरून आत गेली. हसत होती. घरातूनच ही साथ.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ८

चौकातल्या किल्लीवाल्याला गल्लीत आणलं. कोरी किल्ली लॉकमध्ये घालायची, हलवायची, काढून उजेडात धरायची, जिथे ओरखडा दिसेल तिथे कानशीनं घासायचं. जुनी पद्धत. मी त्याला मार्गदर्शन करत होतो. दोनदा म्हणाला, काका, जरा गप्प बसता का? काका! माझ्याहून मोठा असेल.

किल्ली आत गेली, पण फिरेना. म्हणाला, अजून चार हात मारायला हवेत. मी म्हटलं, दे इकडे, किल्ली फिरवायचीही एक पद्धत असते. फिरवली. अर्धी माझ्या हातात, अर्धी लॉकमध्ये.

हल्ली कच्चा माल फार हलका येतो.

किल्लीवाला माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग कानस पुसली, पेटी बंद केली आणि पैसे न घेताच निघून गेला. इस्त्रीवाल्यानं हे सगळं हातातली इस्त्री खाली ठेवून पाहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्त्रीवाल्यानं माझ्या हँडलला हँगर लावून सात शर्ट टांगलेत. मी जाब विचारला. तो म्हणाला, गाडी इथेच राहायची असेल तर निदान कामाला तरी येऊ दे.

टाचेचा फोड फुटला. ऑफिसात विचारलं तर सांगतो, चालण्यानं हलकं वाटतंय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

शांतपणे विचार करायला बसलो. इतके दिवस भावनेच्या भरात शोधत होतो. आता बुद्धीनं.

सोमवारी सकाळी गाडी चालवत ऑफिसला गेलो, म्हणजे किल्ली होती. संध्याकाळी नव्हती. दिवसभर कक्षाबाहेर पाऊल टाकलं नाही. डबासुद्धा टेबलावर. म्हणजे किल्ली कक्षातच गेली. आणि कक्षात माणसं दोनच. एक मी. मी घेतलेली नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण दोनातून एक वजा केला की एकच उरतो.

नाही. ताई असं करणार नाहीत.

दुपारी ४. का नाही करणार? जूनअखेर मी निवृत्त. माझी खुर्ची कुणाला? त्यांना. किल्लीप्रमुखाची किल्ली हरवली अशी बोंब झाली तर नुकसान कुणाचं? माझं. फायदा कुणाचा? आणि सोमवारी नेमका अर्धा तास उशीर. कशासाठी? म्हणाल्या होत्या, बस चुकली. एकोणीस वर्षांत बस चुकली नाही ती त्याच दिवशी बरी चुकली!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवलं. टेबल बोर्डाकडे पाठ करून असल्यामुळे चष्म्याच्या काचेत बघावं लागतं. मान अवघडली.

नोंदी: सकाळी आल्या आल्या बोर्डाच्या मधल्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुपारी परत तेच. संध्याकाळी रजिस्टर पुढे ठेवून म्हणाल्या, दादा, ते एकसष्टचं काय करायचं? शेरा तरी लिहा. मी थंडपणे म्हटलं, तोंडी नको. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण ओठ मिटून घेतले.

मन खात असलं की माणूस असा अर्ध्यावर थांबतो. सही केली आणि निघालो.

एकोणीस वर्षं! याच बाईंना मी बोर्ड शिकवला. आमच्या बोर्डावर फक्त नंबर आहेत. कुठला नंबर कुठल्या खोलीचा हे कुठेही लिहिलेलं नाही. सगळं लिहून ठेवायचं, पण ही यादी नाही, कारण ती चोराच्या हाती लागली तर? यादी आम्हा दोघांच्या डोक्यात. माझ्या आणि त्यांच्या. केवढा विश्वास होता माझा! आणि माझ्याच पाठीत सुरा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

योगायोग बघा. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमच्यानंतर तुमच्या सहायकांनाच प्रमुख करायचं ठरतंय, तुमचा गोपनीय अहवाल तेवढा हवा. औपचारिकताच आहे. दोन दिवसांत द्या.

या अहवालात सचोटी नावाचा एक रकाना असतो. त्यात सगळे जण निर्विवाद असं लिहितात. मीही एकोणीस वर्षं तेच लिहीत आलो. न बघता.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.३०

लिहिलं. सचोटीच्या रकान्यात: “निर्विवाद म्हणता येत नाही. कक्षातून वस्तू नाहीशा होत आहेत. संपूर्ण बोर्डाची मोजणी करून खात्री करून घ्यावी.” स्वच्छ अक्षरात. कुठली वस्तू ते लिहिलं नाही. मोजणीत सगळं बाहेर येईलच. ज्या बाई प्रमुखाची किल्ली लांबवतात, त्या ऑफिसच्या किल्ल्या सोडतील होय?

घरी सांगितलं. मला वाटलं, बायको धीर देईल. तिनं भाजी चिरायची थांबवली. असं लिहून दिलंत तुम्ही, म्हणाली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हाला रजा नव्हती. दहा दिवस कोण बसलं होतं माझ्या उशाशी? त्यांच्याबद्दल लिहून दिलंत?

मी म्हटलं, पुरावा आहे. ती म्हणाली, कसला? मी वजाबाकी समजावून सांगितली. ती उठून आतल्या खोलीत गेली. ताट वाढलेलं होतं, पण समोर कुणी बसलं नाही.

घरातही मी एकटा पडलो. सत्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्याचं असंच होत असावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल पाकीट बंद करून साहेबांच्या टेबलावर. अ‍ॅसिडिटी. गोळी घेतली.

ताईंनी माझ्या टाचेसाठी कापूस आणि मलम आणून ठेवलं होतं. सहानुभूती दाखवून संशय दूर करायची जुनी युक्ती. मलम चांगलं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धी रजा. टेंपो ठरवून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. टेंपोत चढवताना इस्त्रीवाल्यानं शर्ट काढून घेतले आणि गाडीला टाटा केला.

तिथला मेकॅनिक म्हणाला, लॉकमध्ये तुकडा रुतलाय, हे काही निघत नाही. अख्खा लॉकसेट बदलावा लागेल. इग्निशन, टाकीचं झाकण, सीट, सगळं नवं. जुन्या किल्लीचा मग काही उपयोग नाही. मी म्हटलं, बदला! ज्या किल्लीनं मला दगा दिला, तिचं तोंड मला बघायचंच नाही.

संध्याकाळी सहीपुरता ऑफिसला गेलो. सही कधी चुकवली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी अहवाल वाचला. आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, बुधवारी सकाळी दहा वाजता बोर्डाची मोजणी. मी स्वतः बसणार.

ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या, बरं झालं दादा, एकसष्टचं पण मार्गी लागेल. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. काय हा धीटपणा!

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

गाडी मिळाली!! नवी लॉक, दोन नव्या किल्ल्या, चकचकीत. मेकॅनिकनं सीट उघडून दिलं. आत प्लॅस्टिकची पिशवी. त्यात डुप्लिकेट, कंपनीचा बिल्ला आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी: सुरक्षित.

गाडी चालवत घरी आलो. पंधरा दिवसांनी वारं लागलं कानांना. किल्लीचा प्रश्न मी कुणाच्याही मदतीशिवाय, कुणालाही कळू न देता सोडवला. टेंपोवाला, किल्लीवाला, इस्त्रीवाला, मेकॅनिक, मेहुणा आणि बायको सोडून.

उद्यापासून गाडी सरळ ऑफिसच्या आवारात लावायची. वॉचमनला माफ केलं. उद्या न्यायाचा दिवस आहे. मोठ्या मनानं सुरुवात करावी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झालं ते क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मीच दुसरं काहीतरी लिहीन.

दहाला मोजणी सुरू. साहेब, शिपाई, ताई, मी. साहेबांनी आधी अहवालातली ती ओळ मोठ्यानं वाचली. निर्विवाद म्हणता येत नाही. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं होतं, त्या मान खाली घालतील. त्या नुसत्या बघत राहिल्या, काही ऐकू आलं नाही तर माणूस बघतो तशा.

मोजणी झाली. हव्यात एकशे एकोणचाळीस. निघाल्या एकशे चाळीस.

कमी नाही. एक जास्त.

एकसष्ट नंबरचा हुक. जुनी जनरेटरची खोली पाडल्यापासून तो रिकामाच असतो. त्यावर मोटरसायकलची एक किल्ली. किचेन नसलेली. मला लांबूनच ओळखू आली. तिच्या डोक्याचा एक कोपरा मी पूर्वी कधीतरी डबा उघडताना वाकवला होता.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. ४ फेब्रुवारी, ताईंचं अक्षर: “हुक क्र. ६१ वर दुचाकीची एक किल्ली आढळली. मालक अज्ञात. बहुधा काल सकाळी प्रमुख एकटे असताना कुणी काउंटरवर ठेवली असावी. नोटीस लावायची का? प्रमुखांच्या शेऱ्यासाठी.” खाली माझी सही. ५ ला, वरीलप्रमाणे. सही. ६, ७. सही, सही. १० ला: “प्रमुखांना पुन्हा विचारलं. तोंडी नको म्हणाले.” सही. काल संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी, अकरा सह्या. एका झटक्यातल्या. पेन न उचलता.

काउंटरवर कुणी ठेवली नव्हती. न बघता घ्यायची, न बघता अडकवायची. माझाच हात.

साहेबांनी विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, कल्पना नाही. का म्हटलं ते माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

साहेब म्हणाले, आवारातल्या सगळ्या गाड्यांना लावून बघा. शिपाई पुढे, आम्ही मागे. माझ्या गाडीपाशी आलो. किल्ली आत गेली. फिरली नाही. नवं लॉक. शिपाई म्हणाला, यांची पण नाही. वॉचमन म्हणाला, लॉक तर कोरं करकरीत दिसतंय. ताई वाकल्या. त्यांनी लॉक पाहिलं. मग माझा चेहरा पाहिला.

मी टायरमधली हवा दाबून पाहिली.

साहेबांचा निर्णय: बोर्डावर परकी किल्ली आली कुठून, याचा उलगडा होईपर्यंत ताईंची बढती थांबवली. मला म्हणाले, सही करण्याआधी वाचत जा.

मी तिथेच बोलायला हवं होतं. पाच माणसं होती. शिपाई होता. वॉचमन होता!

२० फेब्रुवारी, गुरुवार

तसं पाहिलं तर ती किल्ली आता माझ्या गाडीला लागत नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझी नाही. मी खोटं बोललो असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.

बायकोला हे वाक्य ऐकवलं. ती भांडी घासायला उठली.

ताईंनी दिवसभर काम केलं. सगळ्या किल्ल्या दिल्या, घेतल्या. मला चहा सांगितला. संध्याकाळचं पान मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. नेहमीचंच होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.५०

ताईंनी स्वतःहून बदली मागून घेतली. दुसऱ्या मजल्यावर, आवक-जावक विभागात. आजचा त्यांचा शेवटचा दिवस. मला दुपारी कळलं.

साडेपाचला त्यांनी आपला कप, छत्री, खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. मी म्हटलं, ताई, घाई केलीत. साहेबांशी बोलून बघतो मी. त्या म्हणाल्या, ते लॉक पाहिलं तेव्हाच मला कळलं. तिथल्या तिथे बोलता आलं असतं मला. पण वाटलं, तुम्ही सांगाल. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. काल वाट बघितली. आज पाच वाजेपर्यंत बघितली, दादा.

मी खाली बघत होतो. त्यांच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

अहवालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पिशवी उचलली आणि गेल्या. मला रडू आलं. त्या कक्षात धूळ फार आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

निश्चय झाला. साहेबांना सगळं लेखी द्यायचं. सकाळपासून बसून मसुदा केला. पाच पानं झाली. त्यातली साडेचार पानं, मला तसं का वाटलं याची कारणं. बायकोनं वाचून चार ओळींवर खूण केली. म्हणाली, एवढंच द्या. ती किल्ली माझी. हुकवर मीच लावली. ताईंचा दोष नाही. बढती त्यांना द्या.

आठवडाभरात तिचं हे सर्वांत मोठं बोलणं. चार ओळी वेगळ्या कागदावर उतरवल्या. खाली सही. हळू, अक्षर लागेल अशी. उद्या बरोबर दहाला साहेबांच्या हातात.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७

पावणेदहाला पोहोचलो. कागद वरच्या खिशात. दहाला साहेबच कक्षात आले. बाहेरून पाहुणे आलेत, मीटिंग हॉलची किल्ली द्या, पटकन. मी म्हटलं, लगेच. खुर्ची मागे सरकवली आणि बोर्डाकडे वळलो.

एकशे एकोणचाळीस किल्ल्या. प्रत्येकीवर नंबर. मीटिंग हॉलचा नंबर मला आठवेना. मग तिसऱ्या मजल्याचा कुठलाच आठवेना. मग कळलं की आठवत नाहीये असं नाही. मला माहीतच नाहीत. कितीतरी वर्षं मी त्या बोर्डाकडे पाठ करूनच बसलो होतो.

मनाला येतील त्या नऊ किल्ल्या घेऊन हॉलवर गेलो. पाहुणे भिंतीला टेकून उभे. एकही लागली नाही. आणखी आठ आणल्या. साहेब घड्याळ बघत होते. शेवटी खाली आलो आणि आवक-जावकला फोन लावला.

ताईंनीच उचलला. मी म्हटलं, मीटिंग हॉल. त्या म्हणाल्या, सत्त्याऐंशी. क्षणभरही थांबल्या नाहीत. मला अजून बोलायचं होतं. खिशात कागद आहे, आज देतोय, एवढंच सांगायचं होतं. शब्द जुळवत होतो. त्या म्हणाल्या, अजून काही हवंय का, सर? मी म्हटलं, नाही.

हॉल उघडला. पाहुणे आत गेले. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्याशिवाय या बोर्डाचं काही खरं नाही हो. मी थँक यू म्हटलं.

कागद खिशातच आहे.

सर म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.